कंपनी आणि पंक्तिप्रपंच

गेल्या १ मे रोजी, श्रमिक संत योसेफ यांच्या सणानिमित्त, आमच्या धर्मग्रामात कामगार कुटुंबांचा मेळावा भरला होता. पवित्र मिस्सा झाली, कामाच्या हत्यारांना आशीर्वाद देण्यात आला आणि मग सभागृहात एका ज्येष्ठ सद्गृहस्थांचे भाषण झाले. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत त्यांनी आयुष्याची तीस वर्षे मोठमोठ्या हुद्द्यांवर घालवली आहेत. भाषणानंतर प्रश्न विचारण्याची मुभा होती. मागच्या रांगेतला एक तरुण उठून म्हणाला, "सर, सहा वर्षं मी एकाच लाइनवर काम करतोय. ठेकेदार तीनदा बदलले, मी तोच आहे. तरी माझ्या गेटपासवर ठेकेदाराचं नाव. मी कंपनीचा का नाही?" वक्त्यांनी मायेनेच उत्तर दिले, "अरे बाळा, कंपनी म्हणजे काही घर नव्हे. कंपनी या शब्दाचा अर्थच मुळी नफ्यासाठी एकत्र आलेलं भांडवल. त्यात नातं शोधायला जाशील, तर दुःखी होशील."

सभागृहाने माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. घरी परतल्यावर मात्र त्या डोलावलेल्या मानेची आम्हांस लाज वाटली, आणि म्हणून हा लेख लिहीत आहोत.

वक्त्यांच्या सद्हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु त्यांनी आपल्या म्हणण्याला आधार घेतला तो शब्दाच्या अर्थाचा, आणि नेमका तोच आधार खोटा आहे. 'कंपनी' या शब्दाचा मूळ अर्थ भांडवल नव्हे, नफा नव्हे, व्यापारही नव्हे. त्याचा अर्थ आहे भाकर. आणि तीही एकट्याने खाल्लेली नव्हे, वाटून खाल्लेली.

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'कुम्' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकर. या दोहोंपासून 'कोम्पानिओ' हा शब्द घडला. त्याचा अर्थ एका भाकरीचा वाटेकरी. सहाव्या शतकाच्या सुमारास फ्रँक लोकांच्या कायद्यात सैन्यातील सोबत्यांसाठी तो वापरलेला आढळतो. जर्मन कुळातील भाषांत याच घडणीचा एक जुना शब्द होता. गॉथिक भाषेत त्याचे रूप 'गाहलैबा', म्हणजे 'सह-भाकरी'. त्याचेच हे लॅटिन रूपांतर असावे, असे भाषातज्ज्ञ मानतात. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला यांनी बायबल गॉथिक भाषेत आणले. योहानच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात संत थॉमस आपल्या सहशिष्यांना प्रभूबरोबर मरणास सामोरे जाण्याची हाक देतात. तेथे 'सहशिष्य' या अर्थी वुल्फिला यांनी हाच भाकरीचा शब्द योजला आहे. ज्या प्रेषिताचे नाव भारतातील ख्रिस्ती माणूस अभिमानाने घेतो, त्याची 'कंपनी' ही अशी होती: एका भाकरीची, आणि वेळ आली तर एका मरणाची.

आपल्या रोजच्या तोंडातला 'पाव' हा शब्दही याच घरचा आहे. लॅटिन 'पानिस'चे पोर्तुगीजमध्ये 'पांव' झाले आणि पोर्तुगिजांकडून ते आपल्याकडे आले. म्हणजे पहिल्या पाळीच्या चहाबरोबर कॅन्टीनमध्ये मिळणारा पाव आणि गेटवरच्या फलकावरील 'कंपनी' ही सख्खी भावंडे आहेत. एक टेबलावर आहे, दुसरे फलकावर. आणि दोघांची ओळख आता उरलेली नाही.

जुन्या इंग्रजीतील आणखी दोन शब्द येथे लक्षात घेण्याजोगे आहेत. आपण ज्याला 'लॉर्ड' म्हणतो त्याचे जुने रूप 'ह्लाफवेअर्ड', म्हणजे भाकरीचा राखणदार. त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या नोकराला म्हणत 'ह्लाफॅटा', म्हणजे भाकर खाणारा. केंटचा राजा एथेलबर्ट हा बाप्तिस्मा घेणारा पहिला इंग्रज राजा. त्याच्या कायद्यात, कुणा शेतकऱ्याच्या अशा 'भाकर खाणाऱ्या' माणसाला ठार मारल्यास त्या शेतकऱ्यास सहा शिलिंग भरपाई द्यावी, असे कलम आहे. म्हणजे भाकरीवरून माणसामाणसांत दोन प्रकारची नाती सांगता येत होती. एकात एक जण भाकर राखतो आणि दुसरा ती खातो. राखणारा धनी, खाणारा त्याच्या मालमत्तेचा भाग. दुसऱ्यात दोघे एक भाकर मोडतात. त्या नात्याचे नाव कंपनी. हा भेद वाचकांनी मनात ठेवावा, कारण आमचे सारे म्हणणे त्यावर उभे आहे.

तेराव्या शतकाच्या सुमारास 'कंपनी' शब्द इंग्रजीत रुळला तो सोबत या अर्थाने. पुढे सैन्याच्या तुकडीला कंपनी म्हणू लागले, कारण तुकडी एकत्र जेवे. लंडनमधील कारागिरांचे संघही कंपन्या म्हणवू लागले. बेकरी चालवणाऱ्यांची 'कंपनी' त्यांतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. तिच्या नोंदी बाराव्या शतकापासून सापडतात. हे संघ आपल्या सभासदांच्या विधवांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळत. ते स्वार्थी नव्हते असे नव्हे; पण आजारी पडलेला सभासद हा आपला माणूस आहे, एवढे त्यांना कळत होते.

सोळाव्या-सतराव्या शतकांत या एकाच शब्दाची दोन निशाणे आपल्या किनाऱ्याला लागली. संत इग्नेशियस आणि त्यांच्या मित्रांनी १५३७ साली आपल्या संघाला स्पॅनिशमध्ये 'कोम्पान्यिया' म्हटले, 'येशूची कंपनी'. १५४० साली पोप तिसरे पॉल यांनी त्या संघास मान्यता दिली. या नावात लष्करी तुकडीचा अर्थ पुष्कळ जण पाहतात. परंतु त्या काळी धार्मिक बंधुसंघांनाही हाच शब्द लावीत. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले. दूरच्या बेटांवर असताना त्यांनी आपल्या सोबत्यांच्या पत्रांवरील सह्या कापून घेतल्या आणि त्या जवळ बाळगल्या. भाकरीचे सोबती डोळ्यांआड झाल्यावर माणूस काय करतो, याचा याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. आपल्या भाषेचा गोडवा ज्या माणसाने ख्रिस्ती वाङ्मयात उतरवला, तो 'येशूच्या कंपनी'तून आला होता. १५८३ साली राल्फ फिच आणि त्यांचे सोबती असलेले इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी हेच स्टीफन्स धावून गेले. त्यानंतर सतरा वर्षांनी, ३१ डिसेंबर १६०० रोजी, राणी एलिझाबेथने लंडनच्या व्यापाऱ्यांना सनद दिली आणि दुसरी कंपनी जन्मास आली. तिचे पुढचे चरित्र आपण शाळेत शिकलो आहोत.

त्या दुसऱ्या कंपनीची तोफ आपल्या घराजवळच धडाडली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. दापोडीहून पुण्याला जाताना आपण जेथून रोज जातो, ती ही खडकी. पेशवाई गेली आणि 'कुंपणी सरकार' आले. आपल्या पूर्वजांनी 'कंपनी'चे 'कुंपणी' केले ते उच्चाराच्या सोयीसाठी. पण मराठी कानाला त्यात 'कुंपण' ऐकू आल्यावाचून राहत नाही, आणि कुंपणानेच शेत खाल्ल्याची म्हण आपल्याकडे आहेच. १८५८ साली कंपनीचे राज्य संपले. भाकरीचा वाटेकरी असलेला शब्द अडीच शतकांत भाकरीचा राखणदार होऊन बसला होता. राजाचे नाव घेतले नाही, एवढेच.

पुढची कामगिरी कायद्याने केली. १८५५ साली इंग्लंडमध्ये भागधारकांची जबाबदारी त्यांच्या भागांपुरती मर्यादित झाली. १८९७ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने सॉलोमन नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात ठरवले, की कंपनी ही तिच्या मालकाहून निराळी अशी एक स्वतंत्र व्यक्ती आहे. आपल्याकडे १९५६ साली आणि पुन्हा २०१३ साली कंपनी कायदे झाले. २०१३ च्या कायद्याने तर 'एकव्यक्ती कंपनी' स्थापन करण्याची सोय केली. व्यवहाराच्या दृष्टीने ती उपयुक्त असेल; लहान उद्योजकाला तिचा आधारही मिळत असेल. पण शब्दाचा प्रवास पाहा. वाटून खाणाऱ्यांचे नाव आता अशा ताटाला मिळाले, की ज्यावर बसणारा एकच आहे.

यावर कोणी म्हणेल, की शब्दांचे अर्थ बदलतात. पंधराशे वर्षांपूर्वीच्या अर्थाला आज कोण बांधील आहे? आक्षेप रास्त आहे. व्युत्पत्ती म्हणजे न्यायालयातला पुरावा नव्हे. 'लॉर्ड' शब्दात भाकर आहे म्हणून उद्या कोणी प्रभूकडे पावाची पेढी मागणार नाही. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, शब्दाच्या अर्थाचा दाखला आम्ही प्रथम काढला नाही. तो त्या तरुणाचे तोंड बंद करण्यासाठी काढला गेला. दुसरी, मूळ अर्थ मेलेला नाही. आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेताना आपल्या मुली आजही 'जरा कंपनी दे' असे म्हणतात. त्या वाक्यात कोणी भांडवल मागत नाही. म्हणजे आपल्या घरात तो शब्द जिवंत आहे. घराबाहेर पडून बसमध्ये चढला, की मरतो.

मराठीनेही या शब्दाला आपला पर्याय दिला होता. जुन्या दुकानांच्या पाट्यांवर 'आणि कंपनी'च्या जागी 'आणि मंडळी' असे लिहीत. मराठी बायबलात ख्रिस्तसभेसाठी योजलेला शब्दही 'मंडळी' हाच आहे. आणि पंगत बसली, की यजमान म्हणतो, "मंडळी, सावकाश होऊ द्या!" व्यापार, देऊळ आणि जेवण या तिन्ही ठिकाणी आपल्या भाषेने एकच शब्द पुरवला. तिला काहीतरी कळले होते.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथे कारखान्यांची रांग लागली. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे आमच्यापैकी पुष्कळांचे वडील आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, राहुरी-संगमनेरकडच्या मिशनगावांतून, एक ट्रंक आणि धर्मगुरूंची चिठ्ठी घेऊन येथे आले. 'कंपनीत लागला' हे दोन शब्दांचे सुख त्या पिढीने अनुभवले. कंपनीत लागला म्हणजे पगार, औषधपाणी, मुलांची शाळा आणि दिवाळी-नाताळला बोनस. ती माणसे संपही करीत आणि कंपनीचा अभिमानही बाळगीत. निवृत्तीच्या दिवशी मिळालेले घड्याळ आजही अनेक घरांत खिळ्यावर लटकते आहे.

शतक पालटले आणि उद्योग नाशिक रस्त्याने चाकणकडे सरकले. ज्या चाकणचे नाव भाकरीबरोबर खायच्या कांद्यासाठी महाराष्ट्रभर घेतले जाई, ज्या चाकणात १९८० साली शरद जोशी यांनी कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरवले, तेथे आता महाळुंगे, निघोजे, कुरुळीपर्यंत पत्र्याच्या छपरांचा समुद्र आहे. पहाटे तळेगाव चौकात उभे राहावे. बसमधून, टेम्पोतून, दुचाकीवरून हजारो तरुण उतरतात. विदर्भ-मराठवाड्यातले, बिहार-ओडिशातले, आपल्या धर्मग्रामातलेही. विचारा, "कुठे चाललास?" सगळ्यांचे उत्तर एक: "कंपनीत." पुढे विचारा, "कुठल्या कंपनीचा?" तेथे उत्तरे फुटतात. परमनंट, ट्रेनी, टेंपररी, ठेकेदाराचा. सात महिने भरत आले, की 'ब्रेक' मिळतो, म्हणजे २४० दिवसांची सलग सेवा कागदावर दिसू नये अशी तजवीज होते. मग पुन्हा नवा गेटपास, पुन्हा तीच लाइन.

त्या तरुणाची भेट आम्ही पुढच्या रविवारी मुद्दाम घेतली. पगाराचे त्याने सांगितलेच. त्याच्याच शेजारी तोच बोल्ट पिळणाऱ्या कायम कामगाराच्या मानाने तो किती कमी आहे, तेही सांगितले. पण सांगताना त्याचा आवाज बदलला तो दुसऱ्याच गोष्टीवर. त्याच्या कारखान्यात कायम कामगारांची जेवणाची वेळ निराळी, ठेकेदाराच्या माणसांची निराळी. कूपनचा रंग निराळा. आणि गोड पदार्थाच्या दिवशी दुसऱ्या वेळेला गोड संपलेले असते. "गोडाचं काही नाही हो काका," तो म्हणाला, "पण वाढणारा आधी कूपन बघतो, मग तोंड."

यास मराठीत नाव आहे. पंगतीत माणूस पाहून वाढण्याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतो. आणि वाचकहो, हा शब्द आपणांस कोणी शिकवायला नको. आपल्यापैकी किती तरी घरांतल्या आजोबा-पणजोबांना गावाच्या पंगतीत निराळे, दूर, वरून वाढले जात होते. ज्या दिवशी ते मिस्साबलीच्या एका मेजाशी, एका भाकरीशी गुडघे टेकून सर्वांबरोबर बसले, त्या दिवशी त्यांच्या दृष्टीने जग बदलले. ते नातू आज कूपनच्या रंगाकडे पाहून मान डोलावतात, याचे आम्हांस दुःख आहे.

कायदा या विषयात मुका नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली. १९७० साली कंत्राटी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कंत्राटी पद्धत बंद झाली तरी ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. त्या निर्णयाने अनेकांच्या आशा मावळल्या. २०१६ साली सरकारी हंगामी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने समान कामास समान वेतनाचे तत्त्व ठामपणे मांडले. २०२० च्या संहितेने उपाहारगृहासाठी कामगारसंख्येची अट शंभरावर आणली आणि त्या शंभरांत कंत्राटी कामगारही मोजावेत असे म्हटले. उद्योगाच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी माणसे घेण्यास मनाई केली, पण अपवादांच्या खिडक्याही ठेवल्या. एकच पंगत मांडा, असे कायदा सांगत नाही. ते सांगणे आमचे काम आहे.

उद्योजक म्हणतील, मागणी वर-खाली होते; परदेशी स्पर्धा आहे; सर्वांना कायम केले तर कारखाना बुडेल आणि मग कोणालाच भाकर नाही. या भीतीला आम्ही हसत नाही. तळेगावला एका मोठ्या मोटार कंपनीचे उत्पादन २०२० साली थांबले, तेव्हा काय झाले ते आपण पाहिले आहे. हंगामी कामाला हंगामी माणूस घेणे हे पाप नव्हे. परंतु सहा वर्षे चालणारे काम हंगामी कसे? आणि जेवणाची वेळ एक केली तर कोणती स्पर्धा हरते? कूपनचा रंग एक केल्याने कोणता कारखाना बुडाला?

ख्रिस्तसभेची शिकवण येथे संदिग्ध नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सेर्सेन्स'मध्ये प्रत्यक्ष मालकाबरोबर 'अप्रत्यक्ष मालक' ही कल्पना मांडली. कामगार व मालक यांच्यातील कराराला ज्या ज्या व्यक्ती आणि संस्था बाहेरून आकार देतात, त्यांनाही जबाबदारी टळत नाही, असा तिचा आशय. ठेकेदाराच्या पडद्याआड उभे राहून हात झटकता येणार नाहीत, हे यावरून उघड आहे. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले ते त्या तेराव्या लिओंची आठवण ठेवून. आणि या सर्वांच्या कितीतरी आधी संत पौल यांनी करिंथच्या ख्रिस्ती लोकांना कडक शब्दांत झापले आहे. तेथे प्रभुभोजनाला काही जण आधीच पोटभर जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. हे प्रभूचे भोजनच नव्हे, असा पौलाचा निवाडा आहे. दुसऱ्या पाळीला गोड संपते ही तक्रार इतकी जुनी आहे.

येथवर आम्ही कारखान्यांविषयी बोललो. आता आपल्याविषयी. आपल्या विवाहविषयक जाहिरातींत 'मुलगा कंपनीत, परमनंट' असे लिहिण्याची चाल आहे. परमनंट नसलेल्या मुलाला चहासुद्धा धड विचारला जात नाही. आपल्यातील कायम कामगार युनियनच्या करारात वाढ मिळवतात, तेव्हा शेजारच्या ठेकेदारी पोराचे नाव मागणीपत्रात घालावे असे किती जणांना वाटते? आपल्यातील काही जण स्वतःच ठेकेदार आहेत आणि रविवारी पहिल्या बाकावर बसतात. आणि ज्या संस्था आपण ख्रिस्ती म्हणून चालवतो, तेथील झाडूवाल्या बाई, शिपाई, तासिकेवरच्या शिक्षिका यांचे गेटपास कोणत्या नावाचे आहेत, हे तपासण्याचे धैर्य आपणांत आहे काय? आपली पंगत सरळ नसताना दुसऱ्याच्या पंगतीवर बोट ठेवणे शोभत नाही. तरीही बोट ठेवू नये असे आम्ही म्हणणार नाही. दोन्ही पंगती एकदमच सरळ कराव्यात असे म्हणू.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. आपल्यातील जे अधिकारी आहेत, त्यांनी आपापल्या कारखान्यात जेवणाची एक वेळ, एक कूपन, एक ताट यासाठी शब्द टाकावा; याला संचालक मंडळाची मंजुरी बहुधा लागणार नाही. युनियनमधील बांधवांनी पुढच्या मागणीपत्रात कंत्राटी सोबत्यांचे कलम घालावे. धर्मग्रामात महिन्यातून एक संध्याकाळ कामगार कायद्याचा जाणकार बसवावा. गेटपास, भविष्यनिर्वाह निधी, 'ब्रेक' यांचे कागद घेऊन येणाऱ्यांना तेथे मोफत सल्ला मिळावा. आपल्या संस्थांनी आपली वेतनपत्रके एकदा स्वतःच तपासावीत. आणि विवाहाच्या जाहिरातीतून तो 'परमनंट' शब्द आपण काढून टाकावा. तो संस्कारात नाही.

तो तरुण गेल्या आठवड्यात पुन्हा भेटला. त्याला नुकताच ब्रेक मिळाला होता. दोन आठवड्यांनी नवा गेटपास मिळेल, बहुधा चौथ्या ठेकेदाराचा. सभेत त्याला मिळालेले उत्तर चुकीचे होते, हे आम्ही त्याला सांगितले. शब्दाचा अर्थ तुझ्या बाजूने आहे, हेही सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "मग हे पुढच्या एक मेला सगळ्यांसमोर सांगा ना, काका." आम्ही होकार दिला आहे. त्या दिवशी माना डोलावणाऱ्यांत आपणही होता, म्हणून आधी आपणांस सांगितले.